कडूबामामांनी ओवलेली कार्डं

जुनं मशीन भंगारात गेलं, असं हैदराबादच्या संस्थेचं पत्र आलं आणि माझं डोकंच फिरलं. सहा वर्षांपूर्वी तिथं जाऊन त्या मशीनसाठी बाजरीच्या वाणांची तुलना करणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता. दोनशे चौदा कार्डांवर भोकं पाडून! ती कार्डं जालन्यात, आमच्या बियाणं कंपनीच्या कपाटात. दुसरी प्रत न्हाई.

"नव्या मशीनवर तुमचा प्रोग्रॅम चालला तर ठीक, सत्यशीलाबाई," आमचे साहेब म्हणाले, "नाहीतर काम हैदराबादच्या माणसांना देऊन टाकू. पत्र टाईप करून ठेवलंय."

पण संस्थेनं एक भलतंच लिहिलं होतं. नव्या कॉम्प्युटरला म्हणे जुन्या मशीनचं सोंग घेता येतं, त्याला एम्युलेटर म्हणतात. बहुरूपी फौजदार होऊन दारात उभा राहतो तसं! खरंच फसून त्यावर चालेल माझा प्रोग्रॅम? मला चैन पडेना. आमचे शिपाई कडूबामामा यांना कार्डांचं पार्सल बांधून हैदराबादला धाडायला सांगितलं.

पंधरा दिवसांनी सगळी कार्डं परत. एम्युलेटर बराबर आहे, कार्डंच बिघडलीत, अशी चिठ्ठी.

एक कार्ड उजेडात धरलं. माझ्या चौकोनी भोकांशेजारी, डाव्या कडेला, एक गोल भोक. सगळ्याच कार्डांना!

"मामा, हे काय?"

"फायलीसारखा टॅग ओवला, बाई. सुटी कार्डं वाटेत इकडची तिकडं झाली असती."

आमच्या हापिसात सुटा कागद म्हणजे पाप. "अहो, मशीन भोकंच वाचतं!" मी केवढ्यांदा ओरडले. मामांचा चेहरा पार उतरला. मंग हळूच म्हणाले, "वर छापलेली अक्षरं तर शाबूत हायेत."

बिलकुल खरं! प्रत्येक कार्डाचा मजकूर वरच्या कडेला छापलेला होता. तीन दिवस मामा अक्षर न् अक्षर वाचून राह्यले, मी कागदावर उतरवून. मामांना इंग्रजीतली अक्षरं आणि आकडे तेवढे यायचे, अर्थ न्हाई. शेवटच्या दिवशी ते अडले.

"बाई, इथं सात हाय. तुम्ही नऊ लिहिला."

"चाचणीच्या वाफ्यात बाजरीच्या ओळी नऊच असतात, मामा. चुकलं असेल तेव्हा."

"चुकलं असंल. पण हाय तो सात."

तोंड वाकडं करून मी सात लिहिला.

हैदराबादला त्यावरून नवी कार्डं पाडली. निकाल आला तो जुन्या निकालाशी शेवटच्या अंकापर्यंत जुळला. साहेबांनी टाईप केलेलं पत्र माझ्यादेखत फाडलं. मी हरखून जुनी वही काढली, तर तिथं माझ्याच अक्षरात: कडेच्या दोन ओळी ढोरांनी खाल्ल्या, सात धराव्यात.

मशीन चुकलं न्हाई, मामा चुकले न्हाईत. माझं काम मीच घालवायला निघाले होते.