अकरा खुंट्या

साहेबांनी नकाशावर लाल पेन्सिलीने अकरावं वर्तुळ काढलं, तेव्हा सहदेवने वर्तुळं पुन्हा पहिल्यापासून मोजली.

“हे बघ सहदेव,” साहेब म्हणाले, “सगळ्या काठावर यंत्र शहाण्यासारखं वागतं. फक्त सुलतानपूरच्या बाजूला, अकरा ठिकाणी बिथरतं. खाली आकाशातून पडलेलं लोखंड आहे. हजारो वर्षं कुणाला दिसलं नाही.”

सहदेवला ते पंधरवड्यापूर्वीच दिसलं होतं. त्यानेच ठोकलं होतं.

लोणारच्या तळ्याभोवती साहेबांची चुंबकीय मोजणी चालू होती. खाली दगड किती खोलवर फुटलाय, हे भोक न पाडता ओळखायचं. पन्नास पावलांवर एक खुंटी, खुंटीवर तिपाई, तिपाईवर यंत्र. खुंट्या सहदेवच्या. महाराष्ट्र राज्याला चार वर्षं झाली होती आणि सहदेवच्या हंगामी नोकरीला सहा. दरवर्षी एक साहेब येई, कायम करण्याचं वचन देई आणि बदलून जाई. या साहेबांनी मात्र शिफारशीचं पत्र खरोखर लिहिलं होतं. ते त्यांच्या खिशात होतं, अहवालासोबत जायचं होतं.

साहेबांची शिस्त कडक. यंत्राजवळ अंगावर लोखंड नको. चपलेला खिळे म्हणून सहदेव अनवाणी यायचा, घराची किल्ली बायकोकडे ठेवायचा. अंगावरचं त्याने सगळं उतरवलं. जमिनीतल्याबद्दल कुणी काही बोललंच नव्हतं.

झालं होतं असं, की सुलतानपूरच्या बाजूला बाभळीच्या खुंट्या टिकत नव्हत्या. वाळलेल्या, एका मापाच्या, तासून तयार. गावातली झुंबरबाई रानात जाता जाता त्या उपटायची. “सरकारचं लाकूड चुलीत लय चांगलं जयते,” असं तोंडावर सांगायची. मागल्या वर्षी उंची मोजणाऱ्या साहेबांनी याच कारणाने लोखंडी खुंट्या करवून घेतल्या होत्या आणि सहदेवची पाठ थोपटली होती. त्यातल्याच अकरा सहदेवने ठोकल्या. मातीच्या बरोबरीने, वर लोखंड झाकणारा चुन्याचा ठिपका.

दुपारी त्याने जोडीदार पुंजाजीला हे सांगितलं.

“चूप राय बे,” पुंजाजी म्हणाला. “पत्र जाऊ दे. मंग सांग.”

“भोक पाडाचं मशीन येऊन राह्यलं ना नागपूरहून.”

“येऊ दे. लोखंड तर निघनच. तू खोटं काय बोलला?”

सहदेवने भाकरी अर्धीच खाल्ली. संध्याकाळी तो साहेबांच्या तंबूच्या दाराशी गेला.

“साहेब, थे लोखंड आभायातलं नाही.”

“मग कुठलं?”

“मेहकरच्या लोहाराचं.”

साहेबांनी लाल पेन्सिल नकाशावरून उचलून बाजूला ठेवली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“लाकडी का नाही ठोकल्यास?”

“झुंबरबाईची चूल, साहेब.”

हे कारण आपल्या शास्त्रात कुठे बसतं, ते साहेबांनी शोधून पाहिलं. मग खिशातलं पत्र काढलं, वाचलं. त्यात ‘अत्यंत विश्वासू’ असे शब्द होते. त्याच्या चार घड्या घालून त्यांनी ते टेबलाच्या आखूड पायाखाली सारलं. टेबल हलायचं थांबलं.

सकाळी सहदेवने अकराही खुंट्या उपटल्या. त्या जागी बाभळीच्या ठोकल्या, बोटभरही इकडेतिकडे नाही. लोखंडी पोत्यात भरल्या, पोतं खांद्यावर घेतलं. साहेबांनी यंत्र लावलं. काटा थरथरला.

“मागे जा.”

तो वीस पावलं मागे गेला.

“अजून.”

वाटेने झुंबरबाई आली. “काऊन रे सहदेव, मांगं मांगं जाऊन राह्यला?”

“काटा ठरला पायजे, मावशी.”

साहेबांनी वर न पाहताच हात हलवला. काटा केव्हाच ठरला असावा. हात थांबत नव्हता. शंभर पावलं झाली, दीडशे झाली, मेहकरची सडक पायाला लागली. सहदेव तिथे उभा राहिला. पोतं त्याने खाली ठेवलं नाही. एवढ्या लांबूनही खुंट्या एका रेषेत दिसत होत्या.

झुंबरबाई शेवटच्या खुंटीपाशी वाकली. तिने सडकेकडे पाहिलं. मग पदर सावरल्यासारखं करून रिकाम्या टोपल्यानिशी पुढे गेली.