तीन दिवस, कुठंही

गुरुवारी सकाळी नणंदेचा फोन आला तेव्हा चंद्रकला सासूला कुशीवर वळवत होती. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, गुडघा खाटेला टेकवलेला. फोन वाजत राहिला. सासूच्या पाठीशी उशी नीट लावून मगच तिनं तो उचलला.

"वहिनी, शाळेला नाताळची सुट्टी लागली," निर्मला म्हणाली. ती वाशिंदला राहायची आणि कल्याणच्या एका शाळेत शिकवायची. "शनिवारी सकाळी येते. सोमवारी संध्याकाळपर्यंत आईजवळ मी थांबेन. तुम्ही आणि दादा फिरून या."

"कुठं?"

"कुठंही. तुम्हाला वाटेल तिथं."

सासूला, सरस्वतीबाईंना, अर्धांग होऊन पाच वर्षं झाली होती. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. उरले दोन शब्द, 'हां' आणि 'नको'. दर दोन तासांनी कूस बदलावी लागे, नाहीतर पाठीला जखम व्हायची. एकदा झाली होती, ती भरायला चार महिने लागले. त्यामुळे चंद्रकला शहापूरला बाजाराला गेली तरी दोन तासांच्या आत घरी असायची. गावाबाहेर ती रात्रीची राहिली ती फक्त कल्याणच्या दवाखान्यात, सासूच्याच खाटेखाली चादर पसरून.

नवरा कमळाकर वाशिंदच्या कारखान्यात होता. संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं ऐकलं आणि तो खूश झाला.

"बरं झालं गो! पाच दिवसांची रजा पडून आहे. एकतीस तारखेला बुडणारच होती. सांग, कुठं जायचं?"

"मी सांगू?"

"मग कोण? मला काय, कुठं पण चालंल."

तिला काही सुचेना. रात्रीचा भात लावताना ती आठवत राहिली. लोक कुठं कुठं जातात? शेजारची सोनाली लग्नानंतर महाबळेश्वरला गेली होती, तिचे फोटो पाहिले होते. तिनं महाबळेश्वर म्हटलं. कमळाकरनं तीन ठिकाणी फोन लावले. दोन जानेवारीपर्यंत एक खोली नव्हती. मग अलिबाग. तिथंही तेच. एकानं तर हसून विचारलं, "काका, आत्ता आठवलं का?"

शुक्रवारी दुपारपर्यंत बातमी सगळ्यांना कळली होती आणि जो तो जागा सुचवू लागला.

पुण्याहून मुलाचा, स्वरूपचा फोन आला. "आई, हॉटेल कशाला? माझ्या रूमवर ये ना. पोरं गावाला गेलीत, रूम मोकळीच आहे. जेवण तेवढं गॅसवर करून घ्यायचं, भांडी थोडी घासायची पडलीत." डोळखांबहून भाऊ म्हणाला, "माहेरी ये. तुझ्या वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तिचंही तेवढं बघशील." निर्मलानं परत फोन करून सांगितलं, "कुठंच जमलं नाही तर आमचा फ्लॅट आहे. हे आणि मुलगी घरीच असतील. दोघांचं जेवण बघितलं की दिवसभर तुम्ही मोकळ्या."

चंद्रकला सगळ्यांना "बघते" म्हणत होती. नको तरी कसं म्हणणार? सगळी माणसं प्रेमानंच बोलावत होती.

चारच्या सुमाराला चुलत सासू भिमीकाकू आली. खाटेजवळ बसून तिनं सरस्वतीबाईंच्या केसांवरून हात फिरवला. "जा गो तू. मी कोण नाय म्हणणारी? पण हिचं मागं काय बरंवाईट झालं, तर जन्मभर तुझ्याच मनाला लागून राहील. बाकी काय नाय."

सरस्वतीबाई डोळे मिटून पडल्या होत्या. त्या झोपल्या नव्हत्या, हे चंद्रकलाला श्वासावरून कळत होतं. काकू गेल्यावर तिनं पेजेची वाटी आणली. सरस्वतीबाईंनी ओठ घट्ट मिटले.

"आई, दोन घास."

"नको."

संध्याकाळीही "नको". पाणीसुद्धा अर्ध्या चमच्यावर थांबलं. चंद्रकला वाटी घेऊन तशीच बसून राहिली. कुठंही जा, असं सगळे म्हणत होते, आणि तिला वाटत होतं की खोलीच्या चारी भिंती एकेक वीत पुढं सरकल्यात.

कमळाकर बॅग काढून बसला होता. "चंद्रा, उद्या निघायचंय. दोन दिवसांत एक जागा सांगता येत नाय तुला?"

"नाय येत."

"अगो, असं काय अवघड आहे त्यात?"

"तुमाला सोपं आहे!" तिचा आवाज चढला, तसं खाटेवरून हुं ऐकू आलं. ती आवाज उतरवून बोलू लागली. "पुण्याला गेले तर पोरांची भांडी. भावाकडं गेले तर वहिनीचा गुडघा. ताईंकडं गेले तर दोघांचं जेवण. मला जिथं जा म्हणतात तिथं माझ्या आधी चूल पोचलेली असते. आणि दुसरं मला काय ठावं आहे? मी कधी कुठं गेले का? पाच वर्षांत कल्याण सोडून बघितलं काय मी?"

कमळाकरनं बॅगेची चेन लावली, परत उघडली.

"मग कल्याणकडं नको," तो शेवटी म्हणाला.

"कल्याणकडं नकोच," ती म्हणाली. "उलट्या बाजूला जाव. कसाऱ्याच्या वर."

"वर म्हणजे नाशिक."

"नाशिक तर नाशिक."

अशी जागा ठरली. नाशिकला काय बघायचं हे तिला ठाऊक नव्हतं, आणि तिनं विचारलंही नाही.

शनिवारी निर्मला आठला येणार होती, ती पावणेअकराला आली. तोवर चंद्रकलानं सगळं दोनदा मांडून ठेवलं होतं: गोळ्या, डायपर, पावडर, पेजेचं पीठ. वळवायचं कसं ते तिनं करून दाखवलं. निर्मलानं करून पाहिलं आणि पहिल्याच खेपेला तिची कंबर धरली.

"बापरे. आई किती जड आहे."

"हातानं नाय, गुडघ्यानं जोर लावायचा, ताई."

कमळाकर बाहेर मोटरसायकल चालू करून उभा होता. चंद्रकला सासूचा निरोप घ्यायला वाकली, तशी सरस्वतीबाईंनी चांगल्या हातानं तिचं मनगट धरलं. त्या हातात अजून चांगलीच ताकद होती.

"आई, परवा येते. ताई आहेत ना."

"नको."

"येते ना मी."

"नको, नको."

निर्मला खिडकीकडे बघत होती. चंद्रकलानं सासूची बोटं एकेक करून सोडवली. करंगळी सोडवेपर्यंत अंगठा पुन्हा मिटायचा. शेवटी तिनं जरा जोर केला. मग मागं न बघता बाहेर आली आणि गाडीवर बसली. शहापूरला एस.टी. मिळेपर्यंत मनगटावरचे तांबडे वळ तिनं पदराखाली झाकून ठेवले.

नाशिकला बस स्टँडजवळच्या एका लॉजवर तिसऱ्या मजल्याची खोली मिळाली. खिडकी उघडली की समोर दुसऱ्या इमारतीची भिंत होती. खाली जाऊन दोघांनी मिसळ खाल्ली. वेटरनं तिच्यासमोर ताट ठेवलं, पाण्याचा ग्लास भरला, पाव संपला तसा न विचारता दुसरा आणला. तिला कसनुसं झालं. ताट उचलायला ती उठली, तेव्हा कमळाकर म्हणाला, "राहू दे गो. नेतो तो."

खोलीवर परतली तेव्हा चार वाजत आले होते. वळवायची वेळ झाली, असं तिच्या मनात आलंच. ती पलंगावर आडवी झाली, पण पाठ टेकवेना. तेवढ्यात फोन आला.

"वहिनी, आई काहीच घेत नाहीये," निर्मला रडवेली झाली होती. "दोनदा पेज थुंकली. माझ्याकडं बघतसुद्धा नाही. काय करू मी?"

कमळाकरनं ऐकलं आणि चपला पायात घातल्या. "चल. पाचची गाडी मिळंल."

चंद्रकला पलंगावरच बसून राहिली. तिला जायचं होतं. पाय नुसते ओढत होते. आणि आत्ता गेलो तर पुढं कधीच बाहेर पडणार नाही, हेही तिला लख्ख कळत होतं.

"ताई, फोन आईंच्या कानाला लावा."

पलीकडून श्वास ऐकू आला. तो तिच्या ओळखीचा होता, आत घेताना अडखळणारा.

"आई, मी सोमवारी येते. त्याच्या आधी नाय येत. तुमी खा, नाय तर नका खाऊ, पण मी सोमवारीच येणार." "ताई तुमच्याच पोटची आहे. तिला किती घाबरवाल?"

कमळाकर दारात उभा होता. "असं बोलतात का आईला?" तो म्हणाला.

"तुमी जा, जायचं तर. मी राहते."

तो गेला नाही. पण त्या संध्याकाळी गोदावरीच्या घाटावर दोघं दोन हात अंतर ठेवून बसली. पाणी थंडगार होतं. साडेसातला निर्मलाचा मेसेज आला: अर्धी वाटी घेतली. चंद्रकलानं तो नवऱ्याला दाखवला. त्यानं वाचला आणि फोन परत दिला.

रविवारी ती फिरली, मंदिरं पाहिली, चहा प्यायली. मजा आली का, असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. दर दोन तासांनी तिची नजर घड्याळाकडे जायची आणि आपलं तिथं काही काम नाही हे आठवून परत यायची. दुपारी मात्र ती दीड तास गाढ झोपली. जागी झाली तेव्हा आपण कुठं आहोत हे तिला क्षणभर कळलं नाही.

सोमवारी संध्याकाळी दोघं घरी पोचली. निर्मलाची बॅग दारातच भरून ठेवलेली होती. तिच्या कमरेला पट्टा होता, डोळ्यांखाली काळं.

"वहिनी, पाठीला काही झालं नाही आईच्या. बघून घ्या," ती म्हणाली. "सातची लोकल गाठते. येते हं."

"पुन्हा कधी याल, ताई?"

"बघू. आता परीक्षा येतील..."

"'बघू' नको. तारीख सांगा."

निर्मला भावाकडे बघू लागली. कमळाकर चपला काढत होता. त्यानं मान वर केली नाही.

"मार्चमध्ये," निर्मला हळूच म्हणाली. "दुसरा शनिवार. एकच दिवस जमेल, वहिनी."

"एक तर एक."

चंद्रकलानं भिंतीवर आधीच लावलेल्या नव्या वर्षाच्या कॅलेंडरची पानं उलटली आणि त्या तारखेला पेन्सिलीनं गोल केला. मग हात धुऊन ती आत गेली. सरस्वतीबाईंनी तिला पाहिलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं. हाक मारली तरी वळल्या नाहीत. चंद्रकलानं गुडघा खाटेला टेकवला, एक हात खांद्याखाली घातला, एक कमरेखाली.

"चला, आई. कूस बदलू."

अंग नेहमीपेक्षा जड लागलं. सासूनं मुद्दामच सैल सोडलं असावं. चंद्रकलानं जोर लावला, वळवलं, उशी सरकवली आणि पेज गरम करायला उठली.