शून्य नंबरची तार

मित्रांनो, मी एक जुनी फाइल आहे. कपाटातली नव्हे, कॉम्प्युटरमधली. श्रवणयंत्रात जी इवलीशी चिप असते, तिच्यात कुठली तार कुठे जोडायची हे माझ्यात लिहिलेलं असतं. मी सांगेन तशी चिप बनते. आणि आज मी भयंकर चिडलेली आहे, तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

मला एका बहीणभावाने लिहिलं. दोघंही हुशार. त्यांच्या आईला कमी ऐकू येऊ लागलं होतं आणि बाजारातलं यंत्र तिला मानवेना. म्हणून घराच्या वरच्या खोलीत पाठीला पाठ लावून दोन टेबलं मांडली नि दोघं कामाला लागले. कुणाच्या तरी आईच्या उपयोगी पडणार, म्हणून मी काय खूश होते!

आवाज कमीजास्त करायच्या बटणाचा भाग ताईने लिहायला घेतला, प्रत्यक्ष आवाज वाढवण्याचा धाकट्याने. दोन्ही भागांत आठ-आठ तारा. एका टोकाची तार आवाज जेमतेम वाढवते, दुसऱ्या टोकाची एकदम प्रचंड. आमच्यात मोजणी शून्यापासून सुरू होते. ताई हलक्या तारेला शून्य नंबर द्यायची, धाकटा भारी तारेला. ती नावं ऐसपैस लिहायची, तो दोन अक्षरांत उरकायचा. तिने माझ्या ओळी नीट लावाव्यात, याने विस्कटाव्यात. दोन शिंप्यांनी शिवलेला सदरा झाला होता माझा.

"एकदा बसून ठरवू या ना, तारा कुठून मोजायच्या," ताई म्हणाली.

"ठरवायचं काय त्यात? माझ्यासारखं लिही, झालं."

"मी का म्हणून? मोठी मी आहे."

"असशील. चिप वयावर चालत नाही."

झालं! दोघांची तोंडं दोन दिशांना. आपापला भाग आपल्याच पद्धतीने पुरा केला आणि शून्य नंबरची तार शून्य नंबरच्या तारेला जोडून मोकळे झाले. दोघांच्याही थोबाडीत द्यावीशी वाटत होती, पण मला हात कुठले?

चिप बनून आली. ताईने यंत्र आईच्या कानात घातलं, आवाज सगळ्यात कमी ठेवला. म्हणजे हलकी तार चालू झाली, आणि ती जोडलेली होती भारी तारेला! धाकटा नुसतं "आई" म्हणाला. ती किंचाळली, यंत्र ओरबाडून काढलं आणि कान दाबून खाली बसली. त्या कानातली घणघण अजून थांबलेली नाही.

मग मात्र एका दुपारीत सगळं ठरलं. एका दुपारीत! माझा संताप होतो तो इथेच. तारा हलक्या टोकाकडून मोजा नाहीतर भारी टोकाकडून, मला दोन्ही चाललं असतं. फक्त दोघांनी एकच पद्धत धरायची होती. मित्रांनो, तुम्ही मिळून काही करायला घ्याल तेव्हा आधी ठरवा आणि मगच हात लावा. 'माझंच खरं' करत बसाल, तर भोगणारा तिसराच असतो.

नवी चिप बिनचूक आली. दोघं यंत्र घेऊन आईसमोर उभे राहिले. आईने ते हातात घेतलं नाही.

"ठरलं ना तुमचं?" ती म्हणाली. "मग आधी तुमच्यापैकी एकाने घाला कानात."

आता मी बरोबर आहे, हे दोघांनाही माहीत होतं. तरी एकाचाही हात पुढे आला नाही.