ओढ्यापर्यंत

“तुझ्या कॉफीत पूर्वी चीज जास्त असायचं,” कॉफीत बुडवलेला चीजचा तुकडा चमच्याने उचलत हेइका म्हणाला.

“पूर्वी तू येतच कुठे होतास?” बिरेतमावशीने त्याचा कप तिसऱ्यांदा भरला.

माणूस किती अडचणीत आहे ते आमच्याकडे कपांवरून कळतं. दुसऱ्या कपाला विषय निघाला तर अडचण किरकोळ. हेइका तिसऱ्यालाही हवापाण्यावरच होता.

कुंपणापलीकडे त्याच्या गावाचा कळप उभा होता. भर हिवाळ्यात पाऊस पडला, लगेच गोठला, आणि बर्फाखालचं दगडफूल, त्यांचा हिवाळ्यातला चारा, जणू काचेखाली गेलं. रेनडिअर उकरून उकरून खुरं सोलून घेत होते. हाच कळप आमच्या कुरणातून हुसकावण्यात मावशीचा जन्म गेला. तेव्हा चराईची परवानगी शहरातल्या कचेरीतून यायची. ती येईपर्यंत इकडे उपाशी मेलेल्या रेनडिअरांची कातडी वाळत पडलेली असायची. यंदा उन्हाळ्यात दोन्ही गावांनी ठरवलं: कुंपणाला फाटक बसवायचं, ते उघडायचं की नाही हे दोन्हीकडच्या राखणदारांनी, म्हणजे मावशीने आणि हेइकाने, जागेवरच ठरवायचं. हा हिवाळा निभावला तर कायमचं, नाहीतर पुन्हा कचेरी. मावशीची लेक एल्ले शहरातून म्हणाली होती, “निभावलं तर मी कळपावर परत येते.”

“बर्फ कडक आहे,” हेइका एकदाचा बोलला.

मावशीने कळप केवढा ते विचारलं नाही. दुसऱ्याचे रेनडिअर किती ते विचारणं म्हणजे त्याच्या खिशात हात घालणं.

“थोडेच आहेत,” तो आपणहून म्हणाला.

“तुझे थोडे फाटकातून जाईस्तोवर माझी चूल विझते! ओढ्यापर्यंत चरू देत. ओढ्यापलीकडचं आमच्या गाभण माद्यांचं.”

“ओढा बर्फाखाली आहे गं.”

“तुला ठाऊक आहे कुठंय ते. लहानपणी पडला होतास त्यात.”

“पडलो? ढकललं कोणी?”

“साक्षीदार आण.”

मावशीने फाटक उघडलं आणि कळपाकडे पाठ करून चूल पेटवत बसली. आमच्या गावात म्हणाले, म्हातारी भोळी झाली. हेइका आता डोंगर गिळणार.

कुंपणापलीकडचा बर्फ मऊ पडल्यावर हेइका कळप घेऊन गेला. मावशी स्कीवरून ओढ्याकडे निघाली, मागे मी. सगळा उतार उकरलेला. पण ओढ्याच्या बऱ्याच अलीकडे उकरणं थांबलं होतं. तिथे हेइकाच्या बर्फावरच्या स्कूटरच्या चाकोऱ्या, कळप अडवायला जाऊन-येऊन दगडासारख्या घट्ट झालेल्या. त्यापुढे ओढ्यापर्यंत कोरा बर्फ.

मावशीने काठीने चाकोरी ठोकून पाहिली. मग त्या कोऱ्या पट्ट्यात न शिरता कडेकडेने वळली.

“एल्लेचा रेनडिअर धरायचा फासाचा दोर पोटमाळ्यावर आहे,” ती म्हणाली. “खाली काढून ठेव.”