फुकटचा तांदूळ

"कार्ड दाखवा," महिपतराव गुप्ते म्हणाले आणि समोरच्या बाईचं रेशनकार्ड त्यांनी ओलं फडकं उचलावं तसं दोन बोटांत धरलं.

सरकारी धान्यगोदामात बत्तीस वर्षं कारकुनी करून ते निवृत्त झाले होते. वाटपाच्या कामाला आज पहिल्यांदाच आले होते, तेही बायकोने घरातून जवळजवळ हाकललं म्हणून. खाडीतली मासळी त्या वर्षी मरून वर आली होती. महिनाभर कोपरीच्या कोळी घरांत चूल धड पेटत नव्हती, म्हणून शालूताई वैद्यांच्या महिला मंडळाने रविवारी शाळेच्या व्हरांड्यात तांदूळ-डाळ द्यायचं ठरवलं होतं. शालूताई प्रत्येकीला "कशी आहेस गं?" विचारत आणि उत्तराआधीच पुढचीकडे वळत. महिपतरावांना त्यांचं हसू येत होतं. खरी चीड मात्र रांगेतल्यांची. अंबाड्यात फुलं माळून यायचं आणि हात पसरायचा! कामं करायला नकोत कुणाला.

सकाळी पोतं उघडताच त्यांना तांदळात किडे दिसले होते. गोदामात असते तर त्यांनी ते पोतं परत पाठवलं असतं. इथे त्यांनी त्यात मुकाट्याने माप खुपसलं. फुकट्यांना काय, काहीही चालतं.

हौसाबाई तांडेल पुढे आली. साठीची, काटक, बाजारात मासळी विकून हात राठ झालेली. पिशवीत पडलेला तांदूळ तिने मुठीत घेऊन उजेडात धरला.

"ह्यान किरं हायेत," ती म्हणाली.

"निवडून घ्या. फुकटचं आहे."

"दादा, चालीस वर्सां म्हावरा इकला मी. नासका म्हावरा कुनाला फुकट पन नाय दिला."

शालूताई धावत आल्या. महिपतराव अनुभवी आहेत, पण आता वय झालं, नजरेतून सुटलं असेल, असं त्या समजुतीच्या सुरात सांगू लागल्या. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण आपल्या नजरेवर कुणी शंका घ्यावी, हे महिपतरावांना सोसेना.

"सुटलं नाही," ते म्हणाले. "दिसले होते मला."

बोलून गेल्यावर त्यांना कळलं, आपण काय बोललो ते.

हौसाबाई चिडली नाही. शिळ्या माशाकडे गिऱ्हाईक बघतं तसं तिने त्यांच्याकडे एकदा बघितलं. तांदूळ पोत्यात परत ओतला, पोत्याचं तोंड धरून ते व्हरांड्याच्या मध्यावर ओढलं, शाळेच्या शिपायाकडून ताटं मागवली आणि खाली बसली. एकेक करत रांगच तिच्याभोवती येऊन बसली. शालूताईंना कुणीतरी सूप आणायला पाठवलं.

टेबलापुढे कुणी उरलं नाही. महिपतराव बराच वेळ तसेच उभे राहिले. मग त्यांनी एक ताट उचललं. बायका मुलींच्या लग्नांबद्दल बोलत होत्या. ते आल्यावर थांबल्या नाहीत, सरकल्याही नाहीत. ते कडेला, अर्धे उन्हात, मान खाली घालून किडे वेचत बसले.