मनकर्णाचा धोंडा

"दगडोबा नावाचा माणूसच नाही म्हणतात," मालबाबू करीमोद्दीन यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि इंग्रजी टपाल माणिकपुढे धरलं. "ना बाळापूरचा, ना दुसऱ्या कुठल्या गावचा. अब बस करो, मियाँ."

माणिकने हातातला कुंचला काळ्या रंगाच्या डब्यात उभा केला. हिंगोलीच्या मालधक्क्यावर हळदीच्या पोत्यांवर स्टेशनांची नावं घालायची, हे त्याचं काम. एक अक्षर चुकलं की पोतं भलत्याच गावी उतरतं, हे त्याला कामाला लागल्या लागल्याच कळलं होतं. तेव्हापासून प्रत्येक नाव लिहिण्याआधी तो पुटपुटून बघे. हमाल त्याला हसत.

"बाबूजी, निघालेला माणूस कुठंतरी उतरलाच असंल ना?"

"पोतं आहे का तो?"

"पोत्यावानीच. नावच चुकून पडलं असंल."

माणिक पाळण्यात असताना त्याचे वडील जर्मनच्या लढाईत फौजेची खेचरं हाकायला समुद्रापार बसऱ्याकडे गेले. ते परत आले नाहीत. त्यांच्या मागच्या तुकडीतून गेलेला गावचा उकंडराव तेवढा परतला, आणि सांगत सुटला, की मुंबईच्या गोदीत आपण चौकशी केली होती. आखाडा बाळापूरचा दगडोबा बोटीवर चढलाच नव्हता. पळाला. गावाला तेवढं पुरलं. मनकर्णाने बरेच दिवस वाट पाहिली आणि एका सकाळी स्वतःच्या हाताने कुंकू पुसलं. "असते तर आले असते," एवढंच ती म्हणाली. पण पाणवठ्यावर बाया कुजबुजत, की नवरा जिता असून हिचं कपाळ पांढरं. आणि माणिक पळपुट्याचा पोरगा झाला तो आजतागायत.

ही कुजबूज थांबावी, म्हणून तो मालबाबूंकडून फौजेच्या दफ्तरांना अर्ज लिहून घेत होता. एका छावणीने दुसरीकडे बोट दाखवलं, दुसरीने तिसरीकडे. आता तिसरीनेही हात झटकले होते.

सुटीला तो गावी गेला तेव्हा आई परसात नवी चूल मांडत होती.

"माणिक, तेवढा धोंडा दे रं इकडं."

"दगड म्हण की एकदा, माय. कोन ऐकून राहिलंय?"

"चल, चावट!"

ही त्यांची जुनी थट्टा होती. नवऱ्याचं नाव तोंडात येऊ नये म्हणून मनकर्णाने लग्न झाल्यापासून 'दगड' हा शब्द उच्चारला नव्हता. वाटायचा पाटा धोंड्याचा, बांधावरची रास धोंड्यांची. मसाल्याचं दगडफूलसुद्धा ती दुकानात 'धोंडफूल' म्हणून मागे, आणि वाणी हसू दाबत पुडी बांधे.

माणिकने धोंडा उचलला आणि तो तसाच हातात धरून उभा राहिला.

"दे की. काहून थांबला?"

"माय, बाचं नाव फौजेत लिवून घेतलं, तवा तू तिथं व्हतीस?"

"व्हय तर. चावडीपुढंच. ते खेचरं पाजाया वढ्यावर गेलते आन् भरतीच्या मुनशीला घाई. मला म्हन्ला, नवऱ्याचं नाव बोल."

"मग?"

"आता मी कसं घेनार?" मनकर्णाने इतक्या वर्षांनीही पदर पुढे ओढला. "म्होरं एक धोंडा पडला व्हता. त्यो उचलून दाखिवला. त्यानं लिवलं कायतरी. मंग माजं नाव इचारलं, ते म्या नीट सांगितलं."

"आन् बा आल्यावर?"

"मुनशीनं वाचून दाखिवलं तवा खो खो हासले. म्हन्ले, राहू द्या मुनशीजी, बायकोनं दुसरं बारसं केलं माजं. मी लाजून घरात पळाले." मग ती जरा तिखट झाली. "तू कदी मला इचारलंस? कागदाला इचारत बसला."

माणिकने धोंडा चुलीपाशी ठेवला. त्याच्या हाताला माती लागली होती. ती झटकायचंही त्याला सुचलं नाही.

मालधक्क्यावर करीमोद्दीन वैतागले. "काल दगडोबा, आज धोंडिबा. उद्या?"

"हे न्हाई निघालं तर गोटीराम लिवू."

बाबू हसले आणि त्यांनी दौत पुढे ओढली.

ज्वारी हुरड्यात आली तेव्हा उत्तर आलं. बाबूंनी ते आधी मनाशी वाचलं. मग खुर्चीवरून उठले.

"बसा, माणिकराव," ते म्हणाले. आजवर त्यांनी त्याला कधी राव म्हटलं नव्हतं.

धोंडिबा, गाव आखाडा बाळापूर, खेचरांची तुकडी. पुढच्या फळीतल्या जखमींसाठी पाणी नेताना तोफेच्या माऱ्यात ठार. वारस, बायको मनकर्णा. मृत्यूची खबर 'धोंडिबाच्या घरी' अशा पत्त्याने गावी पाठवली होती. या नावाचा इसम गावात नाही, असा शेरा पडून ती परत आली.

माणिकने ते चावडीपुढे मराठीत सांगितलं. आई खांबाला टेकून ऐकत होती. जखमींसाठी पाणी नेल्याच्या ओळीशी तिने डोळे मिटले. उकंडराव आता म्हातारा झाला होता. तो काठी टेकत तिच्यापुढे आला.

"वैनी, म्या गोदीत दगडोबाच इचारत राहिलो. चुकलं माजं."

"तुमचं न्हाई चुकलं, भावजी," मनकर्णा म्हणाली. "नाव म्याच चुकिवलं."

कुणीतरी हसलं. मग तीही हसली, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. पाणवठ्यावरच्या दोघीतिघी उठून तिच्याजवळ येऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी उकंडरावाने आपल्या बैलगाडीतून एक उभट शिळा आणून त्यांच्या शेताच्या बांधावर, कडुलिंबाखाली रोवून दिली. माणिकने हिंगोलीहून आपला कुंचला आणि काळ्या रंगाचा डबा आणला होता. तो शिळेपुढे बसला, सवयीने दोन्ही नावं पुटपुटला आणि अडला.

"माय, कोनतं घालू? गावचं का फौजेतलं?"

मनकर्णा वाकली. शिळेवर दहिवर होतं. ती पदराने ते टिपू लागली.

"घाई करू नको, लेकरा," ती म्हणाली. "आदी दगड सुकू दे."

माणिकचा कुंचला डब्यातच थांबला. ती मात्र वरपासून खालपर्यंत शिळा पुसत राहिली.