अंदाजानं बेतलेले दिवस

शिवणवाल्या काकूंचा एक नियम होता: गिऱ्हाईक समोर उभं राहिल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. "अंदाजानं बेतलं की काखेत फाटतं," असं त्या येईल त्याला ऐकवत. तीस वर्षांत हा नियम त्यांनी एकदाच मोडला, आणि तोही पोटच्या पोरासाठी.

दुकान दहा दिवस बंद ठेवून तीन शहरांतल्या तीन मुलांकडे जाऊन यायचं ठरलं. काकूंनी दिवस वाटून टाकले. लेकीकडे चार, थोरल्याकडे पाच, आणि वाटेत धाकट्याकडे एक. धाकट्याची एकच खोली, बेकरीतली नोकरी, पहाटेची पाळी. त्याच्या डोक्यावर कशाला जाऊन बसायचं? अंथरूण पाहून पाय पसरावेत, आणि इथं तर अंथरूणही त्याचंच. विचार चांगलाच होता. फक्त ज्याच्यासाठी केला त्याला विचारायचं राहून गेलं. फोनवर येण्याची तारीख सांगितली, जाण्याची मुद्दाम सांगितली नाही, उगाच आग्रह करत बसेल म्हणून. थोरल्यानं तिकिटं काढून दिली.

धाकट्यानं दार उघडलं आणि काकू उंबऱ्यातच थबकल्या. खिडकीखाली मित्राकडून आणलेला पलंग, त्यावर नवी चादर. त्याची स्वतःची सतरंजी कोपऱ्यात गुंडाळलेली. आणि भिंतीशी चक्क शिलाई मशीन, शेजारणीकडून मागून आणलेलं. मशीनवर पडद्याच्या कापडाचे चार तुकडे, घड्या घालून.

"तुला रिकामं बसवत नाही ना," तो म्हणाला. "दोन खिडक्या, एक दार, एक ती भांड्यांची फळी. रोज एक पडदा शिव. ताईकडे चार दिवस राहिलीस, म्हटलं माझ्याकडेही चार. रजा टाकलीय मी."

"अरे, माझं उद्या सकाळचं तिकीट आहे."

त्याचा चेहरा क्षणभर उतरला. मग तो हसला. "असं होय? मग आज खिडकीचा तेवढा होईल."

काकू मशीनवर बसल्या. सरळ शिवण, डोळे मिटून घालावी अशी, पण दोनदा वाकडी गेली आणि दोनदा उसवावी लागली. "तीस वर्षांत हेच शिकलीस होय?" त्यानं चिडवलं, आणि दोघं मनापासून हसली. तिकीट बदलून घेते, हे शब्द तेव्हा काकूंच्या अगदी ओठांवर आले होते. पण थोरला काय म्हणेल, सूनबाईनं तयारी केली असेल, या विचारानं त्यांनी ते गिळले. माणूस नको तिथंच शहाणपणा करतो. सकाळी एका खिडकीला पडदा होता, बाकीचे तीन तुकडे तसेच घडीत.

थोरल्याकडे काकूंना स्वतंत्र खोली होती. नऊ वाजता सगळे कामाला गेले की घरात त्या आणि भिंतीवरचं घड्याळ. तिसऱ्या दिवशी दहा वाजताच त्यांनी न राहवून थोरल्याला फोन केला. "तिकीट ना? आत्ता बदलतो," तो म्हणाला. "तुला हवं तिथं राहा की, आई." एवढं सोपं होतं ते. काकूंना स्वतःचाच राग आला.

लगेच त्यांनी धाकट्याला फोन लावला. मागे ट्रे आपटल्याचे आवाज येत होते.

"उद्या येऊ का रे? दोन दिवस राहीन म्हणते."

"मी कामावर आहे, आई. तू गेलीस त्याच दिवशी रजा रद्द केली. आता महिनाभर तरी नाही मिळायची. पलंग, मशीन, सगळं परत देऊन टाकलं."

"सतरंजी आहे ना? तू कामाला जा, मी बसेन एकटी."

तो ट्रेच्या आवाजापासून बाजूला आला. मग म्हणाला, "तुला राहायचं होतं?"

त्यात तक्रार नव्हती, नुसतं नवल होतं, आणि तेच काकूंच्या काळजात रुतलं.

"हो रे," त्या कशाबशा म्हणाल्या.

"मला वाटलं, खोली बघून तुला नको झालं. ते सकाळचं तिकीट तू दारात उभ्या उभ्याच ठरवलंस असं वाटलं," तो म्हणाला. "म्हणून मी थांब म्हटलं नाही."